मापातले तांबे : विलगीकरण टाकीतील समुद्री माशांवर परजीवी-उपचार

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) ठाऊक नाही असे घर सापडणे कठीण आहे. बुरशीनाशक म्हणून फवारल्या जाणाऱ्या एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी हे प्रमाण इथल्या कास्तकाराच्या तोंडी असते, आणि मिश्रण जमले की नाही हे पाहण्यासाठी तो त्यात लोखंडी विळा बुडवतो. पात्यावर तांबूस पुट चढले, तर मोकळे तांबे शिल्लक आहे, चुना आणखी हवा, असा त्याचा अर्थ. समुद्री माशांच्या अंगावरील परजीवी मारण्यासाठी जगभर वापरतात तेही हेच तांबे. मात्र झाडासाठी जे तांबे चुन्याने बांधून टाकायचे, ते माशांच्या टाकीत पाण्यात विरघळलेलेच राहावे लागते, आणि प्रमाणही फार वेगळे असते. एक टक्का बोर्डो मिश्रणाच्या एका लिटरात सुमारे अडीच हजार मिलिग्रॅम तांबे असते. माशांसाठीच्या चिलेटेड, म्हणजे सेंद्रिय रेणूने तांबे धरून ठेवलेल्या, औषधाची मात्रा लिटरमागे अडीच मिलिग्रॅम, म्हणजे त्याचा हजारावा भाग असते. मोरचूद मुठीने उचलण्याची सवय असलेल्या आपल्या भागात हा फरक मनावर बिंबवूनच पुढची पायरी चढावी.

हा लेख खेड्यात किंवा तालुक्याच्या गावी राहून पहिल्यांदा समुद्री मासे आणणाऱ्यांसाठी आहे. गप्पी, मॉली, गोल्डफिश यांचा अनुभव असेल तर तो हाताशी येईल, पण समुद्री माशांचे रोग वेगळे आणि त्यांचा वेगही वेगळा. आपल्यापासून समुद्र फार दूर आहे. नागपूर ते मुंबई हा लोहमार्गच सव्वाआठशे किलोमीटरांहून लांब. मासा पकडला किंवा वाढवला जातो कोठेतरी किनाऱ्यावर, मग व्यापाऱ्याच्या टाक्यांत इतर शेकडो माशांबरोबर राहतो, आणि शेवटी प्राणवायू भरलेल्या पिशवीत बसून नागपूर किंवा अमरावतीमार्गे आपल्या दारी येतो. या प्रवासात त्याची प्रतिकारशक्ती खचते आणि सोबतीचे परजीवी बळावतात. म्हणून आलेला प्रत्येक मासा, दिसायला कितीही टवटवीत असो, आधी विलगीकरण टाकीतच गेला पाहिजे.

एक गोष्ट आरंभीच सांगणे आवश्यक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार प्रवाळ आणि समुद्रघोडे हे आपल्या देशात संरक्षित आहेत. ते विकत घेऊ नयेत व पाळूही नयेत. घरची टाकी केवळ माशांचीच ठेवायची आहे, हे त्यामुळे ठरून जाते. मासेही शक्यतो संवर्धन केंद्रात जन्मलेले घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशचे प्रजनन यशस्वी केले आहे, आणि असे पैदास केलेले क्लाउनफिश समुद्रातून धरलेल्या माशांपेक्षा खाण्यास लवकर लागतात. नवख्याने सुरुवात दोन क्लाउनफिशपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तांबे कोणाला मारते, कोणाला नाही

समुद्री माशांत दोन परजीवी सर्वाधिक घातक ठरतात. पहिला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, ज्यामुळे अंगावर मिठाच्या खड्यांसारखे पांढरे ठिपके येतात. दुसरा अमायलोओडिनियम ऑसेलॅटम, ज्याला मखमली रोग म्हणतात. यात अंगावर पिवळट धुळीचा थर दिसतो, पण बहुतेक वेळा तो दिसण्याआधीच कल्ले निकामी होऊन मासा दगावतो. पहिल्या रोगात उपचाराला काही दिवस मिळतात. दुसऱ्यात कधी कधी दोन दिवसही मिळत नाहीत.

पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीचे जीवनचक्र नीट समजले, तर पुढचे सर्व नियम आपोआप पटतात. अंगावर ठिपका दिसतो तेव्हा परजीवी माशाच्या त्वचेच्या आत बसून तीन ते सात दिवस खात असतो, आणि तिथे तांबे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पोट भरले की तो मासा सोडतो, काचेवर किंवा तळाला चिकटतो आणि स्वतःभोवती टणक कवच तयार करतो. या कवचातही तांबे शिरत नाही. कवचात त्याचे विभाजन होत राहते, आणि एका कवचातून दोनशेहून अधिक पिल्ले पाण्यात सुटू शकतात. ही पोहणारी पिल्ले साधारण एका-दोन दिवसांत नवा मासा न सापडल्यास मरतात, आणि तांबे मारते ते केवळ यांनाच. कवच फुटण्याचा काळ निश्चित नसतो. बहुतेक कवचे तीन ते अठ्ठावीस दिवसांत फुटतात, तर काही बहात्तर दिवसांपर्यंत तग धरल्याची नोंद आहे. याचा अर्थ असा की तांबे ठिपका घालवत नाही. ठिपका आपल्या वेळेने जातो, तांबे केवळ त्याची पुढची पिढी पाण्यात अडवते. चौथ्या दिवशी अंग स्वच्छ दिसले म्हणून औषध थांबवणारा माणूस नेमका त्या क्षणी थांबतो, ज्या क्षणी सर्व परजीवी तळाशी कवचात बसलेले असतात.

मखमली रोगाचेही चक्र असेच आहे. त्यात कवचातून २५६ पर्यंत पिल्ले सुटतात आणि तांबे त्यांनाही पोहतानाच मारते. या रोगावर मोरचुदाचा उपयोग सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील रॉबर्ट डेम्पस्टर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून हे औषध मत्स्यालयांत रूढ आहे.

कल्ल्यांवरील व त्वचेवरील चपट्या कृमींवर तांब्याचा भरवशाचा परिणाम होत नाही, त्यांना प्रॅझिक्वान्टेल लागते. क्लाउनफिशला होणाऱ्या ब्रुकलिनेला या रोगात अंगावर चिकट पांढरा स्राव सुटतो. त्यावरही तांबे चालत नाही, फॉर्मेलिन लागते. गावातल्या पशुऔषधांच्या दुकानात कुत्र्यांच्या जंतावरील गोळ्यांत प्रॅझिक्वान्टेल असते, परंतु तिच्यात बहुधा इतर औषधेही मिसळलेली असतात, म्हणून ती गोळी टाकीत विरघळवू नये.

टाकी आणि पाणी

विलगीकरणाची टाकी साधी आणि उघडी असावी. ६० × ३० × ३६ सेंटिमीटर आतील मापाची काचेची टाकी दोन लहान माशांना पुरते. तळाला वाळू नको, दगड नको, शिंपले नकोत आणि प्रवाळाचा चुरा तर मुळीच नको. यांत बहुधा चुना असतो, आणि बोर्डो मिश्रणात चुना जे करतो तेच तो इथे करतो, म्हणजे तांब्याला धरून ठेवतो. पाण्यातली मात्रा घसरते, मग आपण आणखी औषध टाकतो, आणि पुढे कधी सामू (पीएच) उतरला तर तेच बांधलेले तांबे एकदम सुटते. माशांना लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे पुरे आहेत. शेतातील ठिबकच्या कामातून उरलेले चालतात, पण ते फवारणीच्या औषधांच्या संपर्कात आलेले नसावेत. हीच दक्षता बादल्या, मग आणि मोजपात्रांबाबत पाळावी. कीटकनाशक मोजलेले झाकण कितीही धुतले तरी टाकीच्या कामात आणू नये. घरात पूर्वापार चालत आलेले तांब्याचे हंडे आणि घागरीही या कामी वर्ज्य आहेत, कारण खारट पाणी त्यांतून बेहिशोबी तांबे ओढून घेते.

टाकीत स्पंज फिल्टर, वेगळा एअरस्टोन, थर्मामीटर आणि हिवाळ्यासाठी हीटर एवढी सामग्री ठेवावी. स्पंज आधी तीन-चार आठवडे चालत्या निरोगी समुद्री टाकीत ठेवून त्यात जिवाणू वसवून घेतला असेल, तर पुढचा महिना बराच सुकर जातो. अशी टाकी अजून नसेल, तर बाटलीतून मिळणारे जिवाणू आणि थोडा अमोनिया वापरून टाकी मासे येण्याच्या महिनाभर आधीच चालू करावी. कार्बनची पिशवी काढून ठेवावी, कारण कार्बन औषध शोषतो. अतिनील दिवा असल्यास तो बंद ठेवावा.

पाण्याबाबत विदर्भात दोन गैरसमज होऊ शकतात. दर्यापूर, अकोट किंवा शेगावकडील खारपाणपट्ट्यातले पाणी खारट असते, म्हणून ते समुद्री माशांना चालेल असे काहींना वाटते. पूर्णा खोऱ्यातील त्या भूजलाच्या क्षारांचे प्रमाण आणि घटक समुद्राच्या पाण्याशी जुळत नाहीत. लोणार सरोवराचे पाणी खारट असले तरी ते तीव्र अल्कधर्मी आहे, त्यात समुद्री मासा जगणार नाही. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील बोअरच्या पाण्यात फ्लोराइडही आढळते. तेव्हा सुरुवात आर.ओ.च्या पाण्यानेच करावी. आता बहुतेक गावांत आर.ओ.चे वीस लिटरचे कॅन घरपोच मिळतात. ते टीडीएस मीटरने तपासून घ्यावे, कारण पिण्याचे आर.ओ. पाणी चवीसाठी अनेकदा पूर्ण शुद्ध केलेले नसते. आकडा जितका शून्याजवळ तितके बरे. त्यात मत्स्यालयाचे समुद्री मीठ लिटरमागे ३६ ते ३८ ग्रॅम मिसळावे. खाण्याच्या मिठाने हे काम होत नाही. चोवीस तास हवा सोडून ते विरघळू द्यावे आणि क्षारता ३५ भाग प्रति हजार, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास ठेवावी. संत्र्याच्या रसाची गोडी पाहण्याचा ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर अनेक बागायतदारांकडे असतो, पण त्याची मोजपट्टी साखरेची असल्यामुळे तो इथे उपयोगाचा नाही. समुद्री पाण्याचा रिफ्रॅक्टोमीटर वेगळा घ्यावा आणि तो ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा. परजीवी मारण्यासाठी क्षारता खूप खाली आणण्याची एक स्वतंत्र पद्धत आहे, ती तांब्याबरोबर कधीही जोडू नये. कमी क्षारतेत तांबे माशांनाच अधिक विषारी ठरते.

टाकी भरताना पाणी लिटरने मोजून भरावे. वीस लिटरचे तीन कॅन ओतल्यावर पाणी जिथे पोहोचते, तिथे काचेच्या बाहेरून मार्करने ठळक रेघ ओढावी. पुढचा सगळा हिशोब या साठ लिटरच्या रेघेवर उभा आहे.

कोणते तांबे, कोणते मापयंत्र

तांब्याची औषधे मुख्यतः तीन प्रकारची मिळतात, आणि तिन्हींच्या मात्रा वेगळ्या आहेत. मोरचुदाच्या द्रावणातील मुक्त तांब्यासाठी ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम प्रति लिटर ही उपचाराची मर्यादा आहे. क्युप्रामाइनसारख्या, अमाइनने बांधलेल्या तांब्याची मात्रा ०.५ आहे. कॉपर पॉवरसारखी चिलेटेड औषधे २.५ च्या आसपास वापरली जातात. शेतीच्या दुकानात आपण चिलेटेड झिंक घेतो, त्यातला चिलेटेड शब्द आणि इथला शब्द एकच आहे: धातू एका सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेला असतो, त्यामुळे तो पाण्यात टिकतो आणि हळूहळू उपलब्ध होतो. एका औषधाची मात्रा दुसऱ्याला लावणे हा प्राणघातक घोटाळा आहे, क्युप्रामाइन २.५ पर्यंत नेले तर टाकीत काही शिल्लक राहणार नाही.

नवख्याने चिलेटेड औषध घ्यावे, असे मी आग्रहाने सांगतो. कारण मोजमापात आहे. घरी वापरण्याजोगा, तांब्याचा आकडा थेट दाखवणारा हाना एचआय-७०२ हा छोटा यंत्रसंच ० ते ५ मिलिग्रॅमपर्यंत मोजतो आणि त्याची चूक ±०.०५ अधिक वाचनाच्या ५ टक्के इतकी असू शकते. पाण्यात २.४० असताना ही चूक सतरा शतांशांच्या आत राहते, ती मासा सहज सोसतो. पण मोरचुदाचे ०.१८ मोजताना हाच फरक आकडा ०.१२ किंवा ०.२४ करू शकतो. म्हणजे एका टोकाला परजीवी जिवंत, दुसऱ्या टोकाला माशांचे कल्ले भाजलेले. रंग पाहून ताडण्याच्या संचावर तर इतक्या अरुंद पट्ट्यात विसंबूच नये, आणि काही रंगसंच चिलेटेड तांबे पूर्ण दाखवतही नाहीत.

तरीही कोणाला मोरचूदच वापरायचे असेल, तर हिशोब असा आहे. शुद्ध स्फटिकरूप मोरचुदात वजनाच्या २५.४५ टक्के तांबे असते. प्रयोगशाळेच्या दर्जाचे ३.९३ ग्रॅम मोरचूद एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवले, की त्या द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम तांबे येते. साठ लिटरच्या टाकीत ०.१५ साठी ९ मिलिग्रॅम, म्हणजे ९ मिलिलिटर द्रावण लागते, आणि तेही दोन-तीन दिवसांत विभागून. यासाठी शतांश ग्रॅम दाखवणारा काटा हवा. कृषी केंद्रातील पोत्यातले मोरचूद वापरू नये, कारण त्यात इतर धातूंची भेसळ किती आहे ते पोत्यावर लिहिलेले नसते. शिवाय समुद्री पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ असल्यामुळे मुक्त तांबे कार्बोनेटशी बांधले जाऊन सतत खाली बसते, म्हणून दिवसातून दोनदा मोजून भर घालावी लागते. संस्था आणि मोठी मत्स्यालये हे करतात. एकट्या माणसाने शेतीची कामे सांभाळून ते करणे कठीण आहे.

मोजताना दोन बारीक गोष्टी विसरल्या जातात. यंत्र शून्यावर आणण्यासाठी टाकीतलेच पाणी वापरावे, आणि काचेच्या कुपीवरचे बोटांचे ठसे व आतील बुडबुडे पुसल्या-हलवल्याशिवाय आकडा वाचू नये. पावडरच्या पुड्या मे महिन्यात टिनाच्या छताखालच्या खोलीत ठेवू नयेत. घरातील सर्वांत थंड कपाटात ठेवाव्यात.

मासा उतरवणे आणि मात्रा चढवणे

मासा येण्याच्या आधी विक्रेत्याच्या टाकीची क्षारता विचारून घ्यावी आणि आपली टाकी तेवढ्यावरच तयार ठेवावी. लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साचलेला असतो आणि कर्बवायूमुळे सामू उतरलेला असतो. पिशवी उघडताच कर्बवायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी रूप घेतो. म्हणून पिशवी तापमानासाठी पंधरा-वीस मिनिटे तरंगती ठेवावी, उघडल्यावर मात्र तासभर थेंब-थेंब पाणी मिसळत बसू नये. मासा लगेच उचलून टाकीत सोडावा आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे.

पहिले दोन ते पाच दिवस औषध घालू नये. दिवे मंद ठेवावेत, मासा खायला लागू द्यावा, आणि रोज सकाळी दिवा लावण्यापूर्वी त्याच्या कल्ल्यांची एका मिनिटातील हालचाल मोजून वहीत लिहावी. हा आकडा पुढे फार कामाला येतो, कारण मखमली रोग आणि तांब्याचा अतिरेक या दोन्हींत सर्वप्रथम श्वासच वाढतो. अपवाद एकच: मासा पंपाच्या प्रवाहात तोंड घालून राहात असेल, प्रकाश टाळत असेल, धापा टाकत असेल आणि अंगावर धुळीसारखी झाक दिसत असेल, तर तो खाण्याची वाट न पाहता त्याच दिवशी औषध सुरू करावे आणि चोवीस तासांत पूर्ण मात्रेपर्यंत न्यावे. त्याने माशाला त्रास होईल, पण थांबण्याचा धोका त्याहून मोठा आहे.

इतर वेळी मात्रा सावकाश चढवावी. औषधाच्या बाटलीवर एका मिलिलिटरने किती लिटरमध्ये किती तांबे वाढते ते दिलेले असते, त्यावरून हिशोब करावा. साठ लिटरमध्ये १ मिलिग्रॅम प्रति लिटर वाढवायचे म्हणजे एकूण ६० मिलिग्रॅम तांबे लागते. पहिल्या दिवशी १.०, दुसऱ्या दिवशी १.५, तिसऱ्या दिवशी २.० आणि चौथ्या किंवा पाचव्या दिवशी २.४ अशी पायरी ठेवावी. औषध कधीही माशांच्या अंगावर ओतू नये. मगभर टाकीच्या पाण्यात मिसळून, एअरस्टोनच्या प्रवाहात थोडे थोडे सोडावे. प्रत्येक वेळी किमान दोन तासांनी, पाणी नीट मिसळल्यावर मोजावे आणि मोजल्याशिवाय पुढची पायरी चढू नये. २.२५ ते २.५ या पट्ट्यात आकडा स्थिर झाला, तो दिवस वहीत पहिला दिवस म्हणून लिहावा.

बुटके एंजलफिश आणि मँडरिन यांना तांबे जड जाते, शार्क व पाकट यांना तर ते देऊच नये. कोळंबी, गोगलगाय, तारामासा किंवा खेकडा या टाकीत असता कामा नये. उपचाराची मात्रा त्यांना हमखास मारते. एखादा मासा खाणे पूर्ण सोडून तळाशी पडून राहिला आणि मोजलेला आकडाही चढलेला निघाला, तर औषध नसलेले ताजे खारे पाणी बदलून मात्रा उतरवावी. मासा वाचतो, मात्र दिवसांची मोजणी तिथे संपते आणि पुन्हा एकपासून सुरू होते.

उन्हाळा, कूलर आणि बाष्पीभवन

आपल्याकडे पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो. टाकीचे पाणी मात्र २५ ते २७ अंशांवर हवे. ते तीसच्या पुढे गेले की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि तांब्याने आधीच ताण आलेल्या कल्ल्यांना तो नेमका त्याच वेळी जास्त हवा असतो. चिलर परवडत नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा टाकणारा छोटा पंखा लावावा. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे त्याने पाणी तीन-चार अंशांनी सहज उतरते. दमट किनाऱ्यावर ही सोय इतकी साधत नाही.

पण पंख्याने पाणी उडते, मीठ आणि तांबे उडत नाहीत. हे मला माहीत होते, तरी त्याचा वेग मला माहीत नव्हता. एका मे महिन्यात संत्र्याच्या बागेला पाणी देण्याच्या पाळ्या लागल्या होत्या आणि मी दोन दिवस टाकीची रेघ पाहिली नाही. साठ लिटरची टाकी पन्नासवर आली होती. २.४० वर ठेवलेले तांबे २.८८ झाले होते, क्षारता ३५ वरून ४२ वर गेली होती, आणि तीन मासे दगावले होते. औषधाचा एक थेंबही मी जास्त घातला नव्हता. तेव्हापासून उन्हाळ्यात मी सकाळ-संध्याकाळ रेघ पाहतो आणि उडालेले पाणी साध्या आर.ओ. पाण्याने, खाऱ्या पाण्याने नव्हे, रेघेपर्यंत भरतो. हे काम घरात कोणा एकाकडे नेमून दिलेले असावे. टाकीवर काचेचे झाकण ठेवल्यास बाष्पीभवन घटते, पण गारवाही घटतो. मे-जूनमध्ये मी झाकणाऐवजी जाळी वापरतो.

पाणी बदलताना उलट चूक होते. नव्या पाण्यात तांबे नसते, म्हणून वीस टक्के पाणी बदलले की मात्रा २.४० वरून १.९२ वर येते आणि परजीवींना वाट मोकळी होते. नवे खारे पाणी बादलीतच २.४० पर्यंत औषधी करून, मोजून, मगच टाकीत घालावे.

पाणी बदलण्याची वेळ अमोनियामुळे येते. तांब्याने जिवाणूंचे कामही मंदावते, म्हणून पहिले दोन आठवडे अमोनिया रोज तपासावा आणि चाचणीत रंगाची किंचितही छटा दिसली तर पाणी बदलावे. अमोनिया बांधणारे प्राइमसारखे द्रव तांब्याबरोबर वापरू नयेत; ते तांब्याचे रासायनिक रूप बदलून ते अधिक विषारी करू शकतात. उरलेले अन्न दहा मिनिटांत नळीने काढावे आणि अन्न थोडेच घालावे.

विजेची सोय आधी करावी. गावठाणाचा पुरवठा वादळी पावसात रात्रभर जाऊ शकतो, आणि बंद पडलेल्या हवेत तांब्याच्या पाण्यातील मासा फार वेळ काढत नाही. वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप विलगीकरण टाकीला हवाच. घरच्या इन्व्हर्टरवर फक्त एअर पंप जोडला तरी तो रात्रभर चालतो.

तीस दिवस आणि त्यानंतर

मात्रा पट्ट्यात आल्यापासून सलग तीस दिवस ती तिथेच राहिली पाहिजे. पहिला आठवडा रोज, पुढे एक दिवसाआड आणि प्रत्येक पाणीबदलानंतर मोजावे. मधे एकदाही आकडा दोनच्या खाली गेला, तर त्या दिवशी फुटलेल्या कवचातील पिल्लांनी मासा गाठला असे धरून मोजणी पुन्हा एकपासून करावी. हे कठोर वाटते, पण अठ्ठावीस दिवसांच्या कवचाचा हिशोब आठवला की दुसरा मार्ग उरत नाही. या काळात माशांना मुख्य टाकीपासून निदान दहा फूट दूर ठेवावे आणि जाळी, नळी, बादली दोन्हीकडे कधीही एकच वापरू नये. मखमली रोगाची पिल्ले उडणाऱ्या तुषारांतूनही पसरतात.

मुख्य टाकीतच रोग आला असेल, तर तिथले सर्व मासे विलगीकरणात आणून ती टाकी ७६ दिवस माशांविना चालू ठेवावी. मासाच नसल्यामुळे सुटलेल्या प्रत्येक पिल्लाचा शेवट उपासमारीने होतो. तांबे मुख्य टाकीत कधीही ओतू नये. तिथले दगड व वाळू ते शोषतात आणि पुढे कित्येक महिने थोडे थोडे सोडत राहतात.

एकतिसाव्या दिवशी शक्य असल्यास मासे तांबे नसलेल्या, पूर्ण कोरड्या करून नव्याने भरलेल्या दुसऱ्या टाकीत हलवावेत. दुसरी टाकी नसेल, तर कार्बन लावून आणि रोज वीस टक्के पाणी बदलून मात्रा शून्याजवळ आणावी. नंतर चौदा दिवस औषधाविना निरीक्षण करावे. चपट्या कृमींची शंका असल्यास प्रॅझिक्वान्टेलचा उपचार या चौदा दिवसांत घ्यावा, तांब्याबरोबर नव्हे. श्वासाचा आकडा वहीतल्या पहिल्या आठवड्याइतकाच राहिला, ठिपका दिसला नाही, अंग घासणे नसले आणि भूक चांगली असली, तर मासा प्लास्टिकच्या छोट्या डब्यात धरून मुख्य टाकीत सोडावा. डब्यातले पाणी सोबत जाऊ देऊ नये.

तांब्याचे उरलेले पाणी विहिरीजवळ, नाल्यात, गावतळ्यात किंवा जनावरांच्या हौदाजवळ टाकू नये. मेंढ्यांना तर तांबे फारच थोडेही बाधते. संत्र्याच्या आळ्यातही ते ओतू नये, कारण तांब्यापेक्षा त्यातले मीठ मुळांना अधिक नुकसान करते. साठ लिटरमध्ये एकूण तांबे दीडशे मिलिग्रॅमच असते, तेव्हा ते पाणी पडीक, पाण्यापासून दूरच्या जागी पसरून टाकावे किंवा शौचालयाच्या टाकीत जाऊ द्यावे. रिकामी टाकी, पाइपचे तुकडे आणि स्पंज गोड्या पाण्याने धुऊन गच्चीवर पूर्ण सुकवावेत. एप्रिल-मेच्या उन्हात दोन दिवसांत काच, सांधे आणि स्पंजचा गाभाही खडखडीत होतो, आणि कोरडेपणात परजीवीचे कवच टिकत नाही. श्रावणातल्या दमट हवेत मात्र स्पंज आतून ओला राहतो, म्हणून तेव्हा तो फेकून नवा घ्यावा आणि टाकी ब्लीचच्या पाण्याने धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत पुन्हा पुन्हा खळबळून ठेवावी.